जॉब ‘यशस्वी’ झाला, पण काम झालं का?

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातल्या १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद ब्रिटनच्या रोजच्या सरकारी आकडेवारीत आलीच नाही. चाचण्या झाल्या होत्या, प्रयोगशाळांनी निकालही पाठवले होते. मग अडलं कुठे? पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था आलेले निकाल एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस प्रकारच्या फाइलींमध्ये भरून पुढे पाठवत होती. त्या प्रकारच्या एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी आत गेल्याच नाहीत. बाधितांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्या यंत्रणेकडे ही माहिती उशिरा पोहोचली. साथ पसरत असताना असा एकेक दिवस किती मोलाचा असतो, हे त्या वर्षी सगळ्यांनीच पाहिलं.

प्रोग्रॅम कोसळून थांबला असता, तर कोणीतरी धावत आलं असतं. इथे काम चालत राहिलं आणि अपुरं राहिलं. डेटाच्या कामात खरी भीती याच प्रकाराची असते. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांवर नजर ठेवण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहितात, त्याला रॅपर म्हणतात. तो काय करतो, कसा लिहावा आणि कुठे फसतो, ते या लेखात पाहू. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल.

पाइपलाइन, जॉब आणि रॅपर

डेटा पाइपलाइन म्हणजे एका ठिकाणची माहिती उचलायची, साफ करायची, दुसऱ्या माहितीशी जुळवायची आणि तिसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवायची, अशा कामांची साखळी. दिवसभराचे व्यवहार रात्री एकत्र करणं, अनेक शाखांची विक्री एका टेबलात आणणं, सकाळचा अहवाल तयार ठेवणं, ही सगळी त्यातलीच कामं. साखळीतलं एक काम म्हणजे जॉब. तो एकदा चालला की तो त्याचा एक रन. ठरलेल्या वेळी जॉब सुरू करणारा प्रोग्रॅम म्हणजे शेड्युलर.

रॅपर या दोघांच्या मधे बसतो. शेड्युलर रॅपरला सुरू करतो आणि रॅपर जॉबला. मग जॉब संपेपर्यंत रॅपर शेजारी थांबतो आणि जे घडलं ते लिहून ठेवतो.

रेल्वेगाडीत ड्रायव्हर पुढे इंजिनात असतो आणि गार्ड शेवटच्या डब्यात. गार्डला इंजिन चालवता यावं लागत नाही. गाडी कधी सुटली, कुठे किती वेळ थांबली, याची नोंद त्याच्याकडे असते. शेवटच्या डब्यामागे एक लाल दिवा असतो. गाडी स्टेशनातून पुढे गेली आणि मागचा दिवा दिसला, की स्टेशनातल्या माणसाला कळतं की गाडी अख्खी गेली, मधेच डबे सुटून मागे राहिले नाहीत. इंजिन पोहोचलं म्हणजे गाडी पोहोचली, असं रेल्वे मानत नाही. रॅपरनंही तसं मानू नये.

यातूनच रॅपर लिहिण्याचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो. जॉबच्या आत विक्रीचा हिशोब चालतो की हवामानाचा, याच्याशी रॅपरला काही देणंघेणं नसावं. त्याला फक्त कमांड, म्हणजे जॉब सुरू करायची लेखी आज्ञा, दिसावी, वेळ दिसावी, निकाल दिसावा. एखाद्या जॉबची खास सोय रॅपरमध्ये शिरली, की दुसऱ्या जॉबची शिरायला वेळ लागत नाही. मग काही महिन्यांत रॅपरला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही.

क्रॉन आहे की, मग हे कशाला?

हा पहिला आणि रास्त आक्षेप. क्रॉन हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जुनाजाणता शेड्युलर. १९७९मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता, आणि पॉल विक्सी यांनी १९८७मध्ये लिहिलेल्या क्रॉनचे वंशज आजही असंख्य लिनक्स सर्व्हरवर चालतात. इतकी वर्षं टिकलेल्या साधनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचं काम मर्यादित आहे. वेळ झाली की कमांड चालवायची, आणि कमांडनं काही छापलं तर ते ईमेलनं पाठवायचं. कालचा रन अजून चालू आहे का, हे तो पाहत नाही. मागचा रन फसला होता का, हे त्याच्या लक्षात राहत नाही. त्या वेळी मशीन बंद असेल तर हुकलेला रन साधा क्रॉन भरून काढत नाही.

शिवाय क्रॉन जॉबला अगदी जेमतेम वातावरण देतो. आपण टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, बसलेलो असतो तेव्हा पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी), पासवर्डाच्या फाइलींचे पत्ते, भाषेची सेटिंग्ज असं बरंच काही आधीच मांडून ठेवलेलं असतं. क्रॉनमधून सुरू झालेल्या जॉबला यातलं जवळपास काहीच मिळत नाही. “हातानं चालवलं तर चालतं, क्रॉनमधून चालत नाही” ही तक्रार जिथे तिथे ऐकू येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. रॅपरनं हे वातावरण स्वतः, स्पष्ट लिहून मांडावं: कुठल्या फोल्डरमधून चालायचं, कुठला पाथ, कुठला टाइमझोन. मग जॉब हातानं चालवला काय आणि रात्री आपोआप चालला काय, फरक पडत नाही.

ईमेलवर विसंबल्यानं काय होतं, याचं उदाहरण गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीनं स्वतःच जगापुढे ठेवलं आहे. ३१ जानेवारी २०१७ला तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसचा डेटा पुसला गेला. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप जिथे जमा व्हायला हवा ती जागा रिकामी होती. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा, त्यामुळे बॅकअपचा जॉब चुकून थांबत होता. जॉब फसला की ईमेल जायची सोयही होती. पण त्या ईमेलवर आवश्यक ती सही नसल्यानं समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. जॉब ओरडत होता आणि आवाज कोणापर्यंत पोहोचत नव्हता. सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी डेटाची एक प्रत घेतलेली होती, तिच्यावरून डेटाबेस उभा करता आला. मधल्या तासांतला डेटा गेला. गिटलॅबनं हे सगळं न लपवता लिहिलं, आणि या क्षेत्रातल्या प्रत्येकानं त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत असं मला मनापासून वाटतं.

एक रन, जवळून

समजा, रात्री दोनला विक्रीचा जॉब चालायचा आहे. रॅपर सुरू होतो आणि या रनला एक वेगळा क्रमांक देतो. मग जॉब सुरू करण्याच्या आधीच तो नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसच्या एका टेबलात, एक ओळ लिहितो: जॉबचं नाव, रनचा क्रमांक, कुठल्या तारखेचा डेटा, कुठलं मशीन, कोडची कुठली आवृत्ती, सुरू झाल्याची वेळ, आणि स्थिती ‘चालू’.

आधी लिहिण्याला कारण आहे. बरेच जण काम संपल्यावर एकदाच नोंद करतात. पण मधेच मशीनच बंद पडलं, तर अशा रनचा मागमूस उरत नाही. कोणी विचारलंच, तर तो रन कधी सुरूच झाला नव्हता असं दिसतं. आधी लिहिलेली ‘चालू’ ही ओळ मात्र तशीच राहते, आणि सकाळी नऊला दोनचा जॉब अजून ‘चालू’ दिसला, की त्या ओळीवरूनच गडबड कळते.

त्यानंतर रॅपर जॉबला स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्रॅम, म्हणून सुरू करतो. जॉब जे काही छापतो ते दोन वाटांनी बाहेर येतं, एक साध्या मजकुराची आणि दुसरी चुकांची. इथे एक खड्डा आहे आणि रॅपर लिहिणारे त्यात हटकून पडतात. या वाटा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमनं दिलेले पाइप. लिनक्सवर एका पाइपमध्ये साधारणपणे ६४ किलोबाइट मजकूर मावतो. पाइप भरला की लिहिणारा थांबतो, समोरच्यानं वाचून जागा करेपर्यंत. आता रॅपर जर ‘आधी जॉब संपू दे, मग त्यानं काय छापलं ते वाचू’ अशा बेतानं लिहिलेला असेल, तर जॉब जागा होण्याची वाट पाहतो आणि रॅपर जॉब संपण्याची. दोघंही कायमचे थांबतात. तपासणीत हे सापडत नाही, कारण तेव्हा जॉब चार ओळी छापतो. मग एखाद्या रात्री डेटात काही वेडंवाकडं येतं, हजारो सूचना छापल्या जातात आणि जॉब गोठतो. उपाय सोपा आहे. दोन्ही वाटा सतत वाचत राहायच्या, किंवा सरळ फाइलीत सोडायच्या.

जॉब संपला की तो ऑपरेटिंग सिस्टिमला एक आकडा देऊन जातो. हा एक्झिट कोड. ० म्हणजे ठीक, १ ते २५५ म्हणजे काहीतरी बिघडलं. नुसतं ‘फसला’ असं न लिहिता रॅपरनं हा आकडा जसाच्या तसा जपावा, कारण त्यात बरंच काही सांगितलेलं असतं. शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, बहुधा पाथ चुकलाय. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. १२८च्या वरचे आकडे बहुतेक वेळा सांगतात की प्रोसेसला बाहेरून सिग्नल, म्हणजे क्रमांक असलेला इशारा, देऊन संपवण्यात आलं, आणि १२८ वजा केले की सिग्नलचा क्रमांक मिळतो. १४३ म्हणजे सिग्नल १५, ‘आता आवरतं घे’ अशी विनंती. १३७ म्हणजे सिग्नल ९, विनंती नाही, सरळ अंत.

१३७ दिसला की पहिला संशय मेमरीवर घ्यावा. लिनक्सची मेमरी संपत आली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एखादी मोठी प्रोसेस निवडून ती संपवतं. सिग्नल ९ कुठल्याही प्रोग्रॅमला अडवता येत नाही. त्यामुळे जॉबच्या लॉगमध्ये, म्हणजे त्यानं छापलेल्या नोंदींत, शेवटचे शब्दही नसतात. ओळी छापता छापता लॉग मधेच तुटतो. जॉबच्या आत कितीही चांगली चूक-हाताळणी लिहिली, तरी स्वतःचा असा अंत त्याला नोंदवता येणार नाही. ‘प्रत्येक जॉबमध्येच नोंदी लिहू, वेगळा रॅपर कशाला’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे.

एक्झिट कोडची फसगत दोन ठिकाणी होते. शेलमध्ये दोन कमांड पाइपनं जोडल्या, समजा डेटाबेसमधून माहिती काढणारी एक आणि ती दाबून फाइलीत ठेवणारी दुसरी, तर एरवी शेवटच्या कमांडचा कोडच हाती येतो. पहिली मधेच फसली, दुसरीनं आलं तेवढं नीट दाबून ठेवलं, आणि निकाल ० लागला. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये पाइपफेल नावाची सेटिंग चालू केली की हे थांबतं. दुसरी फसगत खुद्द रॅपरची. जॉब फसल्यावर रॅपर लॉगमध्ये ‘फसला’ असं लिहितो, लिहिणं नीट पार पडतं, आणि शेवटची कमांड यशस्वी झाली म्हणून रॅपर स्वतः ० देऊन बाहेर पडतो. शेड्युलरला वाटतं, सगळं आलबेल आहे. जॉबचा कोड आधी बाजूला जपून ठेवायचा आणि शेवटी तोच पुढे द्यायचा, एवढं केलं की पुरे.

पहिला संपायच्या आत दुसरा सुरू झाला तर?

दर दहा मिनिटांनी चालणारा जॉब एरवी तीन मिनिटांत संपतो. एक दिवस डेटा जास्त येतो आणि बारा मिनिटं लागतात. आता दोन रन एकाच टेबलात लिहू लागतात, एकमेकांना अडवतात, दोन्ही रेंगाळतात, तोवर तिसरा येतो. म्हणून सुरू होताना रॅपरनं कुलूप घ्यावं.

जुनी पद्धत अशी की प्रोसेसचा क्रमांक एका फाइलीत लिहायचा आणि फाइल असेल तर थांबायचं. जॉब अचानक मेला की ती फाइल मागे राहते आणि पुढचे सगळे रन एका नसलेल्या प्रोसेससाठी थांबून राहतात. लिनक्सवर एफलॉक ही कुलपाची तयार सोय वापरली तर ही कटकट नाही, कारण कुलूप ऑपरेटिंग सिस्टिमकडे असतं आणि ते धरून ठेवणाऱ्या प्रोसेस संपल्या की आपोआप सुटतं. मात्र हे एकाच मशीनपुरतं. जॉब अनेक मशीनवर चालू शकत असेल, तर कुलूप सामायिक डेटाबेसमध्येच हवं. कुलूप मिळालं नाही म्हणून रन सोडून दिला, तर तशीही नोंद करावी. ‘सोडला’ ही स्थिती ‘फसला’पेक्षा वेगळी आहे, आणि एकाच जॉबचे रन वरचेवर सोडले जात असतील तर त्याचं वेळापत्रक बदलायला हवं.

किती वेळ थांबायचं?

प्रत्येक जॉबला वेळेची मर्यादा हवी. दूरच्या सर्व्हरकडून उत्तराची वाट पाहत बसलेला जॉब फसत नाही आणि संपतही नाही. मर्यादा उलटली की रॅपरनं आधी सिग्नल १५ पाठवावा, आवराआवर करायला अर्धा मिनिट द्यावं आणि तरीही ऐकलं नाही तर सिग्नल ९.

जॉबनं स्वतः आणखी प्रोसेस सुरू केलेल्या असतात, हे इथे विसरायचं नाही. फक्त मुख्य प्रोसेस संपवली, तर तिची पिल्लं मागे चालत राहतात, डेटाबेस धरून बसतात आणि नव्या रनशी भांडतात. म्हणून जॉब सुरू करतानाच त्याचा वेगळा प्रोसेस गट करायचा आणि सिग्नल अख्ख्या गटाला पाठवायचा.

फसला तर पुन्हा चालवायचा, त्यात काय अवघड?

अवघड आहे, आणि लेखातला सगळ्यात खर्चिक धोका इथेच आहे. जॉबनं दिवसाची विक्री टेबलात टाकायला सुरुवात केली. अर्धी टाकल्यावर नेटवर्क तुटलं. रॅपरनं इमानेइतबारे पुन्हा चालवला, आणि आता अर्धी विक्री दोनदा नोंदली गेली. एक्झिट कोड ०. फसलेला रन लगेच दिसला असता, पण हा दुप्पट आकडा महिनाअखेरीपर्यंतही कोणाला दिसणार नाही.

म्हणून पुनर्प्रयत्न चालू करण्याआधी जॉबला एकच प्रश्न विचारावा: तुला एकाच तारखेसाठी दोनदा चालवलं, तर निकाल एकदाच चालवल्यासारखा राहील का? तसा राहावा यासाठी सरळ मार्ग आहेत. त्या तारखेच्या जुन्या ओळी पुसणं आणि नव्या टाकणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायचं, म्हणजे एक तर दोन्ही होईल किंवा दोन्ही होणार नाही. फाइल लिहायची असेल तर तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहायची आणि मग नाव बदलायचं. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे अर्धवट फाइल कोणाच्या हाती लागत नाही.

तारखेचाही घोळ असतो. १४ तारखेची विक्री गोळा करणारा जॉब १५ तारखेच्या पहाटे चालतो. तो आतल्या आत ‘आजची तारीख वजा एक’ असं मोजत असेल, तर फसलेला रन १६ तारखेला पुन्हा चालवल्यावर तो १५ची विक्री आणेल आणि १४ तारीख कायमची रिकामी राहील. म्हणून डेटाची तारीख रॅपरनं बाहेरून द्यावी आणि जॉबनं घड्याळाकडे पाहूच नये. माझं मत विचाराल तर रॅपर लिहायला घेतल्यावर ही शिस्त सगळ्यात आधी लावावी. बाकीचं नंतर सुधारता येतं, पण चुकीच्या तारखेखाली साठलेला डेटा निस्तरणं फार त्रासाचं असतं.

शिवाय प्रत्येक अपयश पुन्हा प्रयत्न करण्यालायक नसतं. नेटवर्क तुटलं तर थांबून पाहावं, पासवर्ड चुकीचा असेल तर शंभरदा चालवूनही उपयोग नाही, उलट खातं बंद पडेल. जॉबनं हे एक्झिट कोडमधूनच सांगावं. तात्पुरत्या अडचणीसाठी ७५ हा कोड वापरायचा बीएसडी युनिक्समधला जुना संकेत आहे, तोच घ्यावा. दोन प्रयत्नांमधलं अंतर दरवेळी वाढवत न्यावं आणि त्यात थोडी अनिश्चितता मिसळावी. नाहीतर एका सर्व्हरच्या बिघाडानं फसलेले पन्नास जॉब बरोबर एकाच सेकंदाला त्याच्यावर तुटून पडतात आणि नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा झोपतो.

शून्य कोड आला, मग आता काय तपासायचं?

आता गाडीमागचा लाल दिवा. एक्झिट कोड प्रोग्रॅमबद्दल सांगतो, डेटाबद्दल नाही. काम पुरं झालं का, हे कळायला जॉबनं संपताना तीन आकडे एका छोट्या फाइलीत लिहून द्यावेत: किती ओळी वाचल्या, किती लिहिल्या, किती नाकारल्या. रॅपरनं एवढंच पाहावं की वाचलेल्या ओळी म्हणजे लिहिलेल्या आणि नाकारलेल्या यांची बेरीज आहे का. विक्री म्हणजे काय हे त्याला अजूनही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही, बेरीज मात्र येते. ब्रिटनच्या त्या आठवड्यात पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या नोंदींचा असा मेळ रोज घातला गेला असता, तर फरक पहिल्याच दिवशी दिसला असता.

दुसरी तपासणी इतिहासाशी. आजच्या ओळींची तुलना कालच्याशी करण्यापेक्षा मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराशी करावी, कारण रविवार आणि सोमवार सहसा सारखे नसतात. फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर रन फसला असं न म्हणता ‘संशयित’ म्हणावं आणि माणसाकडे सोपवावं. सुट्टीमुळे विक्री खरोखरच शून्य असू शकते.

एक सवय मी प्रत्येकाला सुचवतो. ओळींची संख्या बरोबर ६५,५३६, १०,००० किंवा १,००० अशी आली, तर तिच्यावर संशय घ्या. खरा डेटा नेमका अशा आकड्यावर क्वचितच थांबतो. बहुधा कुठेतरी कोणाची तरी मर्यादा लागलेली असते.

जो जॉब सुरूच झाला नाही, त्याचं काय?

रॅपर सुरू झाला तरच नोंद होईल. शेड्युलरच बंद असेल, मशीनच उठलं नसेल, कोणी क्रॉनमधली ओळ चुकून काढली असेल, तर चूकही नाही, लॉगही नाही, फक्त शांतता. आणि डॅशबोर्डवर शांतता हिरवी दिसते.

म्हणून वेगळ्या मशीनवर एक पहारेकरी प्रोग्रॅम हवा. त्याच्याकडे अपेक्षांची यादी असते: विक्रीच्या जॉबची यशस्वी नोंद पहाटे साडेतीनपर्यंत यायला हवी. नोंद दिसली तर तो गप्प बसतो, नाही दिसली तर ओरडतो. इथे बातमी न येणं हीच बातमी. सुरू झाला आणि अडकला, कधी सुरूच झाला नाही, सुरू झाला आणि मशीनसकट गेला, या सगळ्या तऱ्हा या एकाच तपासणीत सापडतात. एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर मी ही करीन.

चालू रनमध्ये रॅपरनं दर मिनिटाला ‘मी जिवंत आहे’ अशी वेळ टेबलात नोंदवत राहावी, याला हार्टबीट म्हणतात. त्यावरून रॅपर जिवंत आहे एवढंच कळतं, जॉब पुढे सरकतोय हे नाही. जॉबनं आतापर्यंत किती ओळी झाल्या ते मधूनमधून लिहिलं, तर तेही कळेल.

अलर्टबद्दल फार लिहीत नाही. पुनर्प्रयत्नात यशस्वी झालेल्या रनसाठी कोणाला झोपेतून उठवू नये, आणि आलेल्या प्रत्येक अलर्टमध्ये जॉबचं नाव, डेटाची तारीख, एक्झिट कोड, लॉगच्या शेवटच्या ओळी आणि पुन्हा चालवायची तयार कमांड असावी. आणि अलर्ट खरोखर पोहोचतात का, हे महिन्यातून एकदा मुद्दाम एक खोटा पाठवून पाहावं.

रॅपरच बंद पडला तर?

हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण त्यामुळे रॅपर लहान राहतो. नोंदींचा डेटाबेस बंद असेल तर जॉब चालवायचा की नाही? माझं उत्तर: चालवायचा. नोंद मशीनवरच्या एका फाइलीत ठेवायची आणि डेटाबेस परत आला की तिथे चढवायची. देखरेखीच्या अडचणीनं खरं काम थांबू नये. पण कुलूप मिळवता येत नसेल तर उलट, जॉब चालवायचा नाही. एक दिवस उशिरा आलेला अहवाल परवडतो, दोनदा लिहिलेला हिशोब परवडत नाही.

पासवर्डही सांभाळावे लागतात. रॅपर कमांड लॉगमध्ये लिहितो आणि कमांडमध्ये पासवर्ड असेल तर तोही लिहितो. त्याच मशीनवरच्या इतरांनाही चालू प्रोसेसची कमांड सहसा वाचता येते. म्हणून पासवर्ड कमांडमध्ये देऊच नयेत.

एअरफ्लोसारखं तयार साधन का घेऊ नये?

घ्यावं, गरज असेल तेव्हा. एअरफ्लो हे जॉबांची अख्खी साखळी चालवणारं साधन २०१४मध्ये एअरबीएनबी कंपनीत सुरू झालं आणि २०१९मध्ये अपाची या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेचा पूर्ण प्रकल्प बनलं. त्याआधी, २०१२मध्ये, स्पॉटिफायनं लुइजी हे तशाच कामाचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. कुठला जॉब कुठल्या जॉबनंतर चालायचा, जुन्या तारखा पुन्हा कशा चालवायच्या, हे ही साधनं छान सांभाळतात. पण एअरफ्लो चालवायचं म्हणजे त्याचा शेड्युलर, त्याचा डेटाबेस आणि त्याचा वेब सर्व्हर सांभाळणं आलं. पाच-सात सुट्या जॉबसाठी तेवढा पसारा मांडू नये. उलट ‘पहिला जॉब दोनला आहे, तो तीनपर्यंत संपतोच, म्हणून दुसरा तीनला लावलाय’ असं वेळापत्रक तुमच्याकडे दिसू लागलं, तर तयार साधन घ्यायची वेळ झाली आहे. आणि ते घेतल्यावरही दोनदा चालण्याचा प्रश्न, तारखेचा प्रश्न आणि ओळींची बेरीज तुमच्याकडेच राहते. ती कामं कुठलंही साधन तुमच्या वतीनं करत नाही.

सुरुवात कुठून?

ज्या जॉबचा डेटा दुसऱ्या कोणाच्या निर्णयाला लागतो, त्याला पहिला रॅपर लावा. पहिल्या आवृत्तीत आधी लिहिलेली ‘चालू’ ओळ, कुलूप, वेळेची मर्यादा, एक्झिट कोड आणि बाहेरून दिलेली तारीख एवढंच असू द्या, आणि पहारेकरी वेगळ्या मशीनवर. मग कामाच्या वेळेत, सगळे समोर असताना, तो मोडून पाहा: चालू जॉबला सिग्नल ९ द्या, एक लाख ओळी छापणारा जॉब चालवा, डिस्क भरा, नोंदींचा डेटाबेस बंद करा, क्रॉनमधली ओळच काढून टाका. प्रत्येक वेळी टेबलात काय दिसतं आणि अलर्ट किती वेळात येतो, ते लिहून ठेवा. ज्या प्रयोगात अलर्ट आला नाही, तिथून पुढचं काम सुरू करा.